कानोसा : लाट ओसरल्यावर काय उरतें?

एके काळीं ज्या संगीतानें देशच्या देश वेडे केले, त्याचें नांवही पुढें दोन पिढ्यांनीं कोणाच्या ओठीं राहूं नये, ही गोष्ट जगांत नवी नव्हे. अशा संगीताविषयीं बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : तें मेलें कीं जिवंत आहे? आमच्या मतें हा प्रश्न अपुरा आहे. तें कोणाच्या घरीं राहावयास गेलें, असें विचारलें पाहिजे.

आपल्याच घरचें उदाहरण घेऊं. १८८० सालीं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलें, आणि तेथून पुढें पन्नास वर्षें महाराष्ट्राचे कान नाट्यपदांनीं भारलेले होते. १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हा बोलपट निघाला आणि थोडक्याच वर्षांत नाटकमंडळ्यांना उतरती कळा लागली. संगीत नाटक संपलें, असें म्हणणारे तेव्हां पुष्कळ निघाले. परंतु त्या बोलपटाला संगीत कोणीं दिलें होतें? 'मानापमाना'च्या पदांना चाली देणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनीं. त्यांच्यामागून मास्टर कृष्णरावही रंगभूमीवरून प्रभातच्या चित्रपटांकडे आले. नाटकाचें घर मोडलें, परंतु त्यांतील सामान नव्या घरांत गेलें. आणि नव्या घरांत जन्मलेल्या मुलांस तें आपलेंच वाटूं लागलें. प्रभाव टिकणें म्हणतात तें हेंच.

हा दाखला मनांत ठेवून वाचकांनीं आज आमच्याबरोबर थोडा दूरचा प्रवास करावा. ज्या संगीताची गोष्ट सांगावयाची आहे तें अमेरिकेंतील आहे. परंतु तिचा शेवट विरार पूर्वेस, आमच्या मनवेलपाड्याच्या रस्त्यावर होतो, म्हणून ती या पानांत सांगण्याचें धाडस करितों.

रॉक नांवानें जें पाश्चात्त्य संगीत प्रसिद्ध आहे, त्याच्या पोटजाती अनेक आहेत. त्यांतील एकीस 'सर्फ' म्हणतात. लाटेवर फळी टाकून तीवर उभें राहावयाचें आणि किनाऱ्याकडे घसरत यावयाचें, या खेळाचें नांव सर्फिंग. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९६१ च्या सुमारास तरुणांस या खेळाचें विलक्षण वेड लागलें होतें. तेथील बाल्बोआ गांवच्या एका नृत्यगृहांत डिक डेल नांवाचा तरुण विजेची गिटार वाजवीत असे, आणि समुद्रावर खेळणारीं मुलें त्याच्या वादनावर नाचावयास येत. खेळाचें नांव संगीतास चिकटलें. या संगीताच्या दोन शाखा झाल्या. एक गाणारी; 'बीच बॉइज' ही मंडळी तींतली. दुसरी निव्वळ वाजवणारी. आमचा आजचा विषय ही दुसरी शाखा.

या शाखेंत गायक नसतो; चाल गिटारच सांगते. उजव्या हातांतील नखी तारेवर खालीं-वर इतक्या त्वरेनें फिरवावयाची कीं, सुटे आघात न भासतां स्वराची एकच धार वाहते आहे असें वाटावें. शिवाय तो स्वर स्प्रिंगा बसवलेल्या एका पेटींतून नेला म्हणजे गुहेंत घुमल्यासारखा ओलसर होऊन बाहेर पडतो. लिओ फेंडर या कारखानदाराची स्ट्रॅटोकॅस्टर गिटार १९५४ सालीं निघाली आणि ही घुमारा देणारी पेटी १९६१ सालीं. डेलच्या वादनाचा जोर असा कीं, ध्वनिवर्धकांचे कर्णे जळून जात; शेवटीं फेंडरला त्याच्यासाठीं अधिक ताकदीचा ध्वनिवर्धक तयार करावा लागला. कलावंताच्या हातानें यंत्रास वळण लावलें तें असें.

१९६२ सालीं डेलनें 'मिसिर्लू' नांवाची तबकडी काढली. ही चाल त्याची नव्हे. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील ती एक जुनी चाल असून ग्रीक गवयांनीं १९२७ सालींच तिचें ध्वनिमुद्रण केलें होतें. डेलच्या वडिलांचें घराणें लेबनानचें. घरांत उदवादन चाले, आणि तेंच त्याच्या कानांत होतें. आमच्या पुतण्यास गिटारीचा नाद आहे. एके सायंकाळीं त्यानें ही चाल धरली, तेव्हां लहानपणीं पेटीवर शिकलेल्या आमच्या काकू माजघरांतून म्हणाल्या, "अरे, दिवेलागणीला भैरव कसला छेडतोस?"

"आजी, हें अमेरिकेचें आहे," पुतण्या म्हणाला.

"असेल बापडें. पण रिषभ-धैवत कोमल आहेत, ते काय अमेरिकेस गेल्यानें शुद्ध होतील?"

काकूंचा कान खोटा नव्हता. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, शुद्ध निषाद हें भैरव थाटाचें सप्तक, आणि त्या चालीचेंही तेंच. अर्थात् तेवढ्यानें ती चाल भैरव राग होत नाहीं. भैरवांत रिषभ-धैवतांवर जें आंदोलन लागतें तें तेथें नाहीं. तेथें आहे तो नखीचा मारा. तरी पण सुरांची शिडी एक असल्यामुळें आपल्या कानास ती चाल परकी वाटत नाहीं, ही गोष्ट पुढच्या विवेचनास उपयोगी पडणारी आहे.

१९६४ च्या फेब्रुवारींत इंग्लंडची बीटल्स मंडळी अमेरिकेंत उतरली आणि सर्फची लाट पाहतां पाहतां ओसरली. जेमतेम तीन वर्षांचें हें राज्य. पुढें १९९४ सालीं 'पल्प फिक्शन' या चित्रपटाच्या आरंभीं 'मिसिर्लू' वाजली आणि नव्या पिढीनें तिच्याकडे पुन्हा कान दिला. परंतु तें घटकेचें स्मरण होय. डिक डेल २०१९ सालीं वारला. तबकड्यांच्या खपावरून निवाडा करावयाचा, तर हा खटला तेथेंच निकालांत निघाला असें म्हणावें लागेल.

परंतु आमची कसोटी निराळी आहे. ज्याला त्या संगीताचें नांव ठाऊक नाहीं, त्याच्या हातांत तें सांपडतें काय, हें पाहावयाचें. त्यासाठीं थोडें बाजूस वळूं.

याच सुमारास इंग्लंडांत 'शॅडोज' ही मंडळी गायकावांचून गिटारीवर चाली वाजवून लोकप्रिय झाली होती. त्यांची 'अपाचे' ही तबकडी १९६० सालची. १९६२ सालीं जेम्स बॉण्डचा पहिला चित्रपट निघाला. त्याची जी धून आज पोरासोरांच्या तोंडीं आहे, ती विक फ्लिक नांवाच्या वादकानें अशाच धारदार गिटारीवर वाजवली. धून मॉंटी नॉर्मन यांची. मौज अशी कीं, ती मूळ गुप्तहेरासाठीं केलेलीच नव्हती. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी १९६१ सालीं प्रसिद्ध झाली; तीवर संगीत नाटक करण्याचा बेत होता, आणि त्यांतील एका गीतासाठीं नॉर्मन यांनीं हिंदी वळणाची ही चाल बांधली होती. नाटक उभें राहिलें नाहीं आणि चाल बॉण्डच्या वांट्यास आली. मूळ कादंबरी आहे त्रिनिदादमधील एका हिंदु एकत्र कुटुंबाची. सासुरवाडीच्या भल्यामोठ्या घरांत गुदमरलेल्या एका ब्राह्मण जांवयाची स्वतःच्या घरासाठीं चाललेली धडपड तींत आहे. त्या धडपडीसाठीं योजलेल्या सुरांवर आज पिस्तुलें रोखलीं जातात! चालींचीं स्थलांतरें हीं अशीं होतात. त्यांस दाखले-परवाने लागत नाहींत.

आतां मुंबई. १९६५ सालीं राजा नवाथे यांनीं दिग्दर्शित केलेला 'गुमनाम' हा चित्रपट आला. त्यांत 'जान पहचान हो' हें गाणें आहे. आवाज महंमद रफींचा, संगीत शंकर-जयकिशन यांचें, पडद्यावर मुखवटा घालून नाचणारी लक्ष्मी छाया, आणि तिच्यामागें वाजवणारी 'टेड लायन्स अँड हिज कब्ज' ही मुंबईचीच तरुण मंडळी. या गाण्याच्या आरंभापासून गिटारीची जी तुटक, तिखट धार लागते, ती थेट त्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची जातभाई आहे. अमेरिकेंत ती लाट ओसरून वर्ष लोटलें होतें. आपल्याकडे ती तेव्हां किनाऱ्यास लागत होती. पुढें २००१ सालीं 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभीं हेंच गाणें घेतलें गेलें, आणि २०११ सालीं बिअरच्या एका जाहिरातींतून तें जगभर गेलें. जें अमेरिकेनें टाकलें होतें, तें मुंबईनें आपल्या तालांत बसवून पुन्हा अमेरिकेस ऐकवलें.

हें घडवून आणणारे हात कोणाचे, हें विसरूं नये. मुंबईच्या चित्रपटांतील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांचा भरणा मोठा होता. पाश्चात्त्य स्वरलिपि वाचण्याचें शिक्षण त्यांस गोव्यांत बालपणींच मिळालेलें असे. शंकर-जयकिशन यांच्या कित्येक गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा हे गोमंतकीयच. संगीतकारानें चाल द्यावी आणि या मंडळींनीं तिला अंगरखा शिवावा, अशी वाटणी होती. आपण चाल लक्षांत ठेवली; अंगरखा शिवणाऱ्यांचीं नांवें मात्र कित्येक वर्षें श्रेयनामावलींतही आलीं नाहींत.

येथवर आलों म्हणजे मनवेलपाडा दूर राहिला नाहीं. गणेशोत्सवाच्या वा नवरात्राच्या दिवसांत, किंवा एखाद्या घरच्या हळदीच्या रात्रीं, आमच्या रस्त्यानें जी बेंजोची पार्टी जाते ती वाचकांनीं ऐकली असेलच. वसई-विरारपासून थेट मुंबईपर्यंत हा नाद ओळखीचा आहे. टेम्पोवर जनित्र, कर्णे आणि ध्वनिवर्धक, भोंवतीं ढोल-ताशे, आणि मधोमध गळ्यांत वा चौकटीवर बेंजो घेतलेला वादक. गायक नाहीं. कोळीगीत असो वा चित्रपटांतील गाणें, तें बेंजोच गातो. उजव्या हातांतील पट्टी तारांवर खालीं-वर थरथरत असते आणि डाव्या हाताचीं बोटें कळांवर धांवत असतात.

या वाद्याचें नांव बेंजो असलें, तरी अमेरिकन बँजोशीं त्याचें नांवापलीकडे नातें नाहीं. हें खरें बुलबुलतरंग. जपानांत नागोया येथील गोरो मोरिता यांनीं १९१२ सालीं 'ताइशोगोतो' नांवाचें वाद्य बनवलें. टंकलेखनयंत्रासारख्या कळा दाबून तारेची लांबी कमी-जास्त करावयाची, ही त्यांतील युक्ति. तें वाद्य हिंदुस्थानांत आलें आणि बुलबुलतरंग झालें. पेटीप्रमाणें यांतही स्वर कळांनीं बांधलेले, म्हणून मींड निघत नाहीं. ती उणीव वादक नखीच्या थरथराटानें भरून काढतो. पुढें तारांखालीं विजेची ध्वनिग्राहक पट्टी बसली, आणि माजघरांत कुजबुजणारें हें वाद्य चौकांत गर्जूं लागलें. २०१६ सालीं रवि जाधव यांनीं 'बँजो' नांवाचा हिंदी चित्रपट काढला, तोही मुंबईच्या रस्त्यांवरील याच वादकांविषयीं.

येथें चिकित्सक वाचक आम्हांस थांबवतील. ते म्हणतील, "जपानी वाद्य, आगरी-कोळ्यांचीं गाणीं आणि ढोल-ताशे, यांत तुमच्या कॅलिफोर्नियाचें काय? दोन नाद सारखे वाटले म्हणजे एक दुसऱ्यापासून निघाला असें होत नाहीं." आक्षेप रास्त आहे आणि आम्ही तो निम्मा मान्य करितों. बेंजो हें वाद्य सर्फहून वयानें वडील आहे. तारेवर त्वरेनें नखी मारण्याची रीतही उद, सरोद, रबाब अशा वाद्यांइतकी जुनी आहे. शिवाय कोमल रिषभ-धैवतांचें तें सप्तक आपल्या कानीं आधींच होतें. तेव्हां हें वारशानें आलें असें म्हणणें म्हणजे वंशावळ बनावट करणें होय.

परंतु दुसरा निम्मा भाग आम्ही सोडीत नाहीं. बेंजोवाला वाजवतो तीं गाणीं पुष्कळशीं चित्रपटांतील. आणि त्या गाण्यांच्या आरंभीं व मधें जे वाद्यांचे तुकडे येतात, तेही तो सोडीत नाहीं, हुबेहूब उतरवतो. गिटारीसाठीं रचलेले ते तुकडे त्याच्या बोटांत जाऊन बसले आहेत. गोमंतकीय वाद्यरचनाकारानें परदेशी तबकडी ऐकून जें योजलें, तें आमच्या रस्त्यावरचा वादक स्वरलिपीचें एक अक्षरही न वाचतां, केवळ कानानें उचलतो. ज्याला डेलचें नांव ठाऊक नाहीं, बाल्बोआ कोठें आहे हें ठाऊक नाहीं, त्याच्या हातांत त्या वादनाचा एक अंश असा पोहोंचला आहे. मूळ पुरुषाचें नांव गेलें, गोत्र गेलें. हातवळण तेवढें राहिलें. म्हणून आमचा निर्णय असा : सर्फ हा प्रकार म्हणून टिकला नाहीं, परंतु वाजवण्याची एक रीत म्हणून तो टिकला आहे, आणि टिकण्याचा हा दुसरा प्रकार पहिल्याहून कमी प्रतीचा नाहीं. पेटीचेंच पाहा. ती युरोपांतून आली, १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनें तिला दाराबाहेर ठेवलें, तरी आपल्या भजनांतून ती हलली नाहीं. जी वस्तु लोकांच्या हातीं रुळली, तिला पंडितांच्या पसंतीची वाट पाहावी लागत नाहीं.

मात्र येथूनच काळजीचा भाग सुरू होतो. हातांत राहिलेली गोष्ट हातांबरोबरच जाते. तबकडी कपाटांत पन्नास वर्षें पडून राहील आणि पुन्हा वाजेल. परंतु बोटांतील विद्या एक पिढी वापरली नाहीं कीं संपली. आमच्या आळींतील उत्सवमंडळांत मागें हाच वाद निघाला होता. बेंजोच्या पार्टीस दहा-बारा माणसें लागतात. त्यांचें मानधन, खाणेंपिणें, वाहन हें सारें आलें. डीजेची भिंत उभी केली कीं एक माणूस आणि एक कळ पुरे. वर्गणीच्या हिशेबांत कोणतें स्वस्त पडतें हें सांगावयास नको. आमच्या घरांतही दोन तट पडले. तरुणांस भिंत हवी होती. वडीलधाऱ्यांस दोन्हीं नको होतीं.

वडीलधाऱ्यांच्या बाजूनें बोलण्यासारखें आहे, तें आम्ही लपवीत नाहीं. बेंजोदेखील सौम्य वाद्य राहिलेलें नाहीं. घरांत तान्हीं मुलें असतात, आजारी माणसें असतात, परीक्षेचा अभ्यास असतो. ध्वनिप्रदूषणाविषयींचे २००० सालचे नियम निवासी वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. ती दोघांसही सारखीच लागू आहे, आणि असावी. परंतु दोन्हीं एकाच मापानें मोजून दोन्हीं घालवावीं, हा न्याय नव्हे. बेंजोवाल्यास "जरा हळू" म्हटलें तर तो हळू वाजवूं शकतो, आणि हळू वाजला म्हणून त्याची कला कमी होत नाहीं. दहा कर्णे काढून दोन ठेवले तरी त्याच्या बोटांतील थरथराट ऐकूं येईल, किंबहुना अधिक चांगला ऐकूं येईल. भिंतीपासून आवाज वजा केला तर बाकी काय राहतें, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

म्हणून आमच्या वाचकांस, विशेषतः ज्यांच्या घरीं तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात त्यांस, आमचें सांगणें एवढेंच. वर्गणी देतांना ती कशासाठीं खर्च होणार हें विचारावें, आणि माणसांच्या हातांनीं वाजणाऱ्या वाद्यास थोडे अधिक पैसे पडले तरी ते द्यावे. मात्र कर्णे किती आणि वेळ कोणता, हेंही त्याच बैठकींत ठरवून घ्यावें. घरांतील मुलगा परदेशी गिटार शिकत असेल तर त्याला हिणवूं नये. त्याच्या चालींत आपला भैरव सांपडला तर तो त्याला दाखवावा. आणि त्या मुलानें एखाद्या दुपारीं बेंजोवाल्याकडे जाऊन त्याची नखी कशी चालते तें पाहावें. आमचा पुतण्या तसा गेला. परत आल्यावर म्हणाला, "काका, मी गिटारीवर महिनाभर घासतों आहें तें तो बोलतां बोलतां वाजवतो. त्यानें हें कोणाकडून घेतलें म्हणून विचारलें, तर म्हणाला, बापाकडून."

बापानें तें कोठून घेतलें, याचें उत्तर वर आलेंच आहे : थोडें जपानच्या कळांतून, थोडें कोळीवाड्यांतून, थोडें गोव्याच्या स्वरलिपींतून आणि थोडें तीन वर्षांत ओसरलेल्या एका परदेशी लाटेंतून. मंडळाच्या पुढच्या बैठकींत बेंजो कीं भिंत हा प्रश्न पुन्हा निघेल. तेव्हां आमच्या घरचें मत यंदा एक आहे.